मावळतीच्या धुऱ्यावरून

"तोंडाले फडकं बांधून रोवणी करतेस? दरोडा टाकाले चालली का व?" पुष्पांजली म्हणाली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. फडक्याआड शामकलाही हसली. धानाची रोपं रोवण्यात तिचा हात धरणारी गावात कोणी नव्हती, त्यामुळे असली थट्टा तिला परवडत होती.

भानगड होती तिच्या गालांची. धाकटीच्या बाळंतपणात दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. औषधाच्या दुकानातून आणलेली गोरं करणारी ट्यूब तिने दीड वर्ष चोपडली. आधी चेहरा इतका उजळला, की नवऱ्याने, उमरावने, दुसरी ट्यूब हौसेने स्वतःच आणून दिली. मग कातडी लाल झाली, ऊन लागलं की आग व्हायची आणि डाग पहिल्यापेक्षा काळे. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहूनच कपाळाला हात लावला. "ये बंद करो. दाग हल्के होंगे, पूरे शायद न जाएँ. और धूप से बचना." सोबत उन्हात जाण्याआधी लावायचं मलम दिलं.

उन्हापासून जपा म्हणे! मागच्या साली शामकलाने डोकं झाकून पाहिलं. पण बांधीत, पाण्याने भरलेल्या खाचरात, वाकलेल्या बाईला ऊन वरून लागतच नाही, ते पाण्यातून उसळून गालांवर येतं. यंदाही आग झाली तर रोवणी सोडायची, असं तिने ठरवलं होतं. त्या विचाराने तिला रडू यायचं.

त्यात घरची रीत. रोपांची पहिली पेंढी उगवतीच्या कोपऱ्यात, उगवतीकडे तोंड करून, सासूच्या हातून. मग बायका रोवत रोवत मागे सरकणार आणि सकाळभर सूर्य समोर. हे बदला म्हणायची शामकलाची छाती नव्हती.

आज सासू धुरपताबाईने हळदकुंकू वाहिलं, पेंढी उचलली आणि सरळ मावळतीच्या धुऱ्याकडे निघाली.

"माय, तिकडं काऊन?" उमराव ओरडला.

"इकडून रोवलं त ऊन पाठीवर राहते. पाण्याची तिरीप तोंडावर येत नाही."

"अन् रीत?"

"चाळीस वर्सं मीच पाळून राहिली ना? आता मीच बदलवतो."

शामकलाचे डोळे भरून आले. दुपारपर्यंत तिने दोन बांध्या उरकल्या आणि गाल गार होते.

जेवणानंतर आंब्याखाली ती पुन्हा मलम लावू लागली. सासू शेजारीच टेकली होती. तिच्या गालांवरच्या सुरकुत्यांमधले काळपट डाग शामकलाने आज पहिल्यांदा नीट पाहिले. इतकी वर्षं तिला तो म्हातारीचा रंगच वाटला होता.

"आत्याबाई, हे तुमाले कवापासून?"

"उमरावच्या वेळेपासून. कोनी इचारलंच नाही व."

शामकलाने मलम दोघींच्या मधे ठेवलं.

"उरलं असन त मले बी लाव," धुरपताबाई म्हणाली.

शामकलाने बोटावर मलम घेतलं. म्हातारीने डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं.