दोन घरची पाहुणी

मी एक जुनी डाय आहे. डाय म्हणजे पोलादाचा साचा. प्रेसमध्ये माझा वरचा भाग खालच्या भागावर आदळतो आणि मध्ये ठेवलेला पत्रा कापला जातो, वाकतो आणि त्याला आकार येतो. मी चाकाच्या खुर्चीचा एक खटका बनवते. घडीची खुर्ची उघडली की हा खटका अडकतो, आणि मग ती बसलेल्या माणसासकट मिटत नाही. एवढेच माझे काम. पण मित्रांनो, हे एवढेसे काम मला नीट करू देताना माणसांनी जो ताप दिला आहे, तो ऐकाल तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

तापाचे मूळ माझ्या कुशीवरच कोरलेले आहे. तिथे व्रेतहोल्म कंपनीचे नाव आहे. खुर्च्या त्यांच्या, मला घडवून घेतले त्यांनी, म्हणून मी त्यांची. पण मी राहायला होते स्वीडनच्या स्मोलांद प्रांतातल्या ब्येर्कमो गावात, गुन्वोरच्या कारखान्यात. प्रेस तिची, कामगार तिचे, मला उचलणार ती, पुसणार ती. म्हणून मी तिची. दोन घरचा पाहुणा उपाशी, असे म्हणतात ना? तशी मी पाहुणी.

सुरुवातीला मात्र उपास घडला नाही. व्रेतहोल्ममध्ये तूरे नावाचा इंजिनिअर होता. उंच, किडकिडीत आणि बारमाही सर्दी झालेला. काही अडले की तो गाडी काढून सरळ ब्येर्कमोला यायचा. गुन्वोर कॉफी ठेवायची, ओस्तकाका नावाच्या पनीरच्या केकचे तुकडे कापायची, त्यावर मुरंबा घालायची, आणि बशी हातात घेऊन दोघे माझ्यासमोर भांडायला उभे राहायचे.

मी नवी होते तेव्हा खटका वाकाच्या जागी तडकत होता.

"तूरे, हा कोपरा तू फारच तीक्ष्ण काढलायस. पत्रा तडकणार नाही तर काय?"

"पत्राच तसला आणला असशील."

"पत्रा एब्बेच्या कारखान्यातला आहे. बोलावू त्याला? तोंडावर बोल."

एब्बे पोलादाच्या पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यातला. तो आणि गुन्वोर एल्क हरणांच्या शिकारीला एकाच टोळीत जात, त्यामुळे त्याला बोलवायला निमित्त लागत नसे. तो चिखलाच्या बुटांनीच आत आला. तिघांनी तडकलेले खटके हातात फिरवले, एकमेकांना नावे ठेवली, पुन्हा कॉफी घेतली. शेवटी तूरेने खटक्याचा कोपरा थोडा गोल करायचे कबूल केले. एब्बे म्हणाला की या एका कामापुरता पत्रा मी भट्टीत जरा जास्त मऊ करून देईन. आणि गुन्वोरने माझ्या कोपऱ्यावर कानस चालवली. ते काही सुखाचे नव्हते. पण प्रत्येकाने थोडे थोडे वाकून घेतले, आणि खटका तडकायचा थांबला. एकट्यादुकट्याच्याने तो तसा झालाच नसता.

पुढची कित्येक वर्षे माझी चैन होती. पाहुणे आले की गुन्वोर त्यांना माझ्याकडे घेऊन यायची. "ही आमची लाडकी," म्हणायची. मला धार लागायची, तेल मिळायचे. मऊ पत्र्याची गोष्ट मात्र कुणी कागदावर उतरवली नाही. तिघांनाही ती ठाऊक होती, मग लिहायची कशाला? शहाणी माणसे! जणू ती तिघे अमरपट्टाच घेऊन आली होती.

तूरे निवृत्त झाला आणि तळ्याकाठी बटाटे लावायला निघून गेला. त्याच्या जागी नव्हे, पण त्याचे काम ज्यांच्यात वाटले गेले त्यांच्यापैकी एक म्हणून मालिन आली. मुलगी कष्टाळू होती. पण तिच्या डोक्यावर इतके पुरवठादार होते की एकाचाही चेहरा पाहायला तिला सवड नव्हती. त्यातच कंपनीने संगणकावर नवे पोर्टल आणले. यापुढे जे काही बोलायचे ते पोर्टलवर. भेट नाही, फोन नाही.

"मी काय यंत्राशी गप्पा मारू?" गुन्वोर फणकारली. "आधी माणूस पाठवा."

माणूस आला नाही. इकडे माझी धार बोथट होत चालली. खटक्यांच्या कडांना पोलादाची टोकेरी कुसळे येऊ लागली, कामगारांचे हातमोजे फाटू लागले. अखेर नाक मुठीत धरून गुन्वोर पोर्टलवर गेली. तिथे विभाग निवडायचा होता. डायच्या धारेचा विभागच नव्हता. तिने चिडून 'दुरुस्ती' निवडले.

काही दिवसांनी दारात एक माणूस शिडी घेऊन उभा राहिला. "छप्पर कुठं गळतंय?" त्याने विचारले.

मित्रांनो, मी पोलादाची आहे, मला हसता येत नाही आणि रडताही येत नाही. त्या दिवशी दोन्हींची गरज होती.

गुन्वोरने तडक मालिनला फोन लावला.

"मालिन, डायला धार लावायला हवी. डाय तुमची आहे, तुम्ही सांगा काय करायचं."

"रोजची निगा करारात तुझ्याकडे आहे, गुन्वोर."

"ही रोजची निगा नाही. जन्मभराची झीज आहे ही!"

"मग पोर्टलवर टाक ना."

"टाकलं. छप्परवाला आला."

"काय?"

"छप्परवाला! शिडी घेऊन!"

पलीकडून मालिनचे हसू फुटले. गुन्वोरला वाटले, ती आपल्यालाच हसते आहे. तिने फोन आपटला. दोघी समोरासमोर असत्या तर एकत्र पोट धरून हसल्या असत्या आणि माझी धार लागली असती. पण मध्ये ती तार होती. तारेतून हसणे तेवढे जाते, कशाला हसलो ते जात नाही.

त्यानंतर जे झाले त्याचा राग मला आजही येतो. गुन्वोरने मला तशीच बोथट चालवली. "त्यांची डाय आहे ना? मग बघतील ते," ती कामगारांना म्हणायची. मालिन म्हणत असणार, "तिच्याकडे आहे ना? मग बघेल ती." आणि मी दोघींच्या मध्ये पत्र्यावर डोके आपटत होते. कुसळे घासून काढण्यात वेळ जाई, माल उशिरा निघे. पोर्टलवर गुन्वोरच्या नावापुढे लाल खूण उमटली. दक्षिणेला, स्कोनेमध्ये, शेल नावाच्या माणसाचा मोठा कारखाना होता. त्याच्या नावापुढे हिरवी खूण होती. ठरले. मला तिकडे हलवायचे.

ट्रक आला त्या दिवशी बाहेर ओला बर्फ पडत होता. गुन्वोर फडके आणि तेल घेऊन आली. तिने माझा कोपरान् कोपरा पुसला, आणि रागाने पुसला. "जा," ती पुटपुटली, "बोल जा त्या पोर्टलशी." मऊ पत्र्याबद्दल तिने ट्रकवाल्याजवळ अवाक्षर काढले नाही. तिला कुणी विचारलेही नाही.

शेल वाईट माणूस नव्हता, हे मी ठासून सांगते. त्याचा कारखाना लख्ख होता. मी पोचताच त्याने मला धार लावली. किती बरे वाटले! पण पत्रा आला, आणि पहिल्याच ठोक्याला मला कळले की हा आपला पत्रा नव्हे. कागदावर जी जात लिहिली होती तीच होती, पण एब्बेच्या भट्टीतला तो मऊपणा नव्हता. खटके चकचकीत निघाले. मापात चोख बसले. वाकाच्या पोटात केसाएवढी चीर होती, ती जस्ताच्या मुलाम्याखाली झाकली गेली. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती.

व्रेतहोल्ममध्ये खुर्च्यांची परीक्षा सिक्स्तेन घ्यायचा. तो स्वतः तरुणपणापासून चाकाच्या खुर्चीत. नव्या खटक्यांची पहिली खुर्ची त्याने घेतली आणि नेहमीसारखा कारखान्यामागच्या पायरीवरून खाली उतरला. खटका तुटला, खुर्ची मिटली, आणि सिक्स्तेन दगडावर पडला. मनगट मोडले. बाकीच्या खुर्च्या तिथेच थांबवल्या गेल्या. तिकडे इस्पितळात लोक त्या खुर्च्यांची वाट पाहत अंथरुणात पडून होते.

पुढचा प्रसंग सिक्स्तेनने नंतर माझ्यासमोर इतक्यांदा सांगितला आहे की मला तो तोंडपाठ आहे. हात प्लास्टरमध्ये घेऊन त्याने मालिनला गाडी काढायला लावली आणि दोघे ब्येर्कमोला पोचले.

गुन्वोर दारात आली. मालिनकडे बघून म्हणाली, "शिडी आणलीस का?"

मालिन लाल झाली. सिक्स्तेन म्हणाला, "मी कुठला शिडी चढतोय, बाई? तुमच्या खटक्यानं मला थेट जमिनीवर आणलंय."

त्याने तुटलेला खटका तिच्या हातात ठेवला. तिने तो उजेडाकडे धरला.

"पत्रा कुणाचा?"

"कागदावर जो लिहिलाय तोच," मालिन म्हणाली.

"तो जास्तीचा मऊ करून घ्यायचा असतो. एब्बे करून देतो."

"हे कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही."

"मग मला कळणार कसं?"

"विचारायचं."

"तू सांगायचं!"

"आणि मी पडायचं," सिक्स्तेन म्हणाला. "वाटणी छान आहे तुमची."

मग गुन्वोर खालच्या आवाजात म्हणाली, "काहीतरी अडेल, हे मला माहीत होतं. अडू दे म्हटलं, मग येतील माझ्या दारात. पण असं कुणी पडेल, हे नव्हतं आलं मनात."

"आणि मी त्या दिवशी तुला नव्हते हसले," मालिन म्हणाली. "त्या छप्परवाल्याला हसले."

"तो खरंच वर चढला होता गं," गुन्वोर म्हणाली. "शेवाळ काढून दिलं त्यानं." आणि मग दोघींना हसू आवरेना. सिक्स्तेनला बिचाऱ्याला हसले की मनगट दुखायचे.

मालिनला वाटले, आता डाय परत इकडे आणू. पण माझ्या प्रेसवर गुन्वोरने केव्हाच चुलीच्या दारांच्या बिजागऱ्यांचे काम घेतले होते. तिच्याकडे मला जागा नव्हती. एकच मार्ग उरला. गुन्वोरने शेलच्या कारखान्यात जायचे.

ती आली. एब्बेला सोबत घेऊन आली. आल्या आल्या शेलच्या कॉफीला "भांडी धुतलेलं पाणी" म्हणाली आणि माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. "धार बरी लावलीयेस," ती शेलला म्हणाली. तिच्या तोंडून एवढे म्हणजे खूप झाले.

शेल संकोचून म्हणाला, "मला सगळं शिकवलंस, तर उद्या तुझी बाकीची कामंही मी पळवीन. भीती नाही वाटत?"

"हे पळवलंसच की. आता निदान नीट तरी कर."

एब्बेचा पत्रा लागला. मी खाली आले. त्या ठोक्याचा आवाज मऊ होता, तो मी जन्मभर ओळखते. सिक्स्तेनने पहिला खटका तिथल्या तिथे आपल्या खुर्चीला बसवून घेतला. मालिन नको नको म्हणत होती. तो दाराच्या उंच उंबऱ्याकडे गेला आणि धाडकन खाली उतरला. खटका हलला नाही.

"पुन्हा," तो म्हणाला, आणि खुर्ची वळवून उंबऱ्यावर परत आला.

आता मी थकले आहे. माझ्या जागी नवी डाय घडते आहे. मऊ पत्र्याची गोष्ट मालिनने पोर्टलवर लिहून ठेवली आहे, ते बरेच झाले. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. परवा तिने बोलावून घेतलेले चौघे नव्या डायभोवती जमले होते. एब्बे म्हणत होता पत्रा पातळ घ्या, शेल म्हणत होता नको, गुन्वोर दोघांनाही मूर्ख ठरवत होती, आणि सिक्स्तेन खुर्चीत बसून प्रत्येकाला टोमणे मारत होता. इतका गोंगाट! आणि मला पहिल्यांदाच त्याचा वैताग आला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, गल्लीत अशी एखादी वस्तू असेल, जी एकाची असते आणि दुसऱ्याच्या हाताशी असते. तिला धार लावा, तेल द्या, आणि कुणाची पाळी हे मागाहून ठरवा. तिच्याबद्दल जे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, ते न विचारता सांगून टाका. भांडायचेच असेल तर खुशाल भांडा, पण एका खोलीत उभे राहून भांडा. अबोला धरू नका. तुमच्या अबोल्यावर कुणीतरी विश्वासाने बसलेले असते, आणि पडायची वेळ आली की तेच पडते.