मावशीची जीभ

रोज सकाळी टाकीतलं दूध चमचाभर तोंडात घोळवायचं, थुंकायचं आणि वहीत ‘ठीक’ लिहायचं, एवढंच मावशीचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण वीस वर्षांत तिनं नासकं दूध डेअरीच्या फाटकाबाहेर पडू दिलं नव्हतं.

परदेशी दूध पावडरीवरचा कर उठवणारा करार येऊ घातला होता. गावात दुसरा विषय नव्हता. शेवटी डेअरीच्या आवारातच सभा भरली.

"लोकांना स्वस्त दूध मिळेल. तुम्ही कशाला आडवे येता?" कराराच्या बाजूचा पुढारी म्हणाला.

"आमच्या बायाबापड्यांच्या हातचं काम जाईल म्हणून!" डेअरीच्या चेअरमननी टेबलावर मूठ आपटली. "आणि त्या पिठाच्या पाण्याला दूध म्हणू नका. आमची मावशी डोळे बांधून फरक सांगेल."

"मग होऊन जाऊ द्या की!"

पुढाऱ्यानं पावडर कालवून एक पेला भरला. चेअरमन टाकीकडे गेले नाहीत. घरच्या गाईचं तापवून गार केलेलं दूध त्यांनी मागवलं. मावशीच्या धाकट्या जावेनं तिचे डोळे पदरानं बांधले. जाऊ तिथंच पिशव्या भरायच्या कामाला होती.

मावशीनं एक घोट घेतला, मग दुसरा. दुसरा छान होता, दाट होता, पण फार दिवसांनी भेटलेल्या माणसासारखा. पहिला मात्र रोजचा.

"पहिलं आपल्या डेअरीचं," ती म्हणाली.

पुढारी खदखदून हसला. "अहो मावशी, ती माझी पावडर!"

जावेनं पदर सोडला. मावशीला दोन महिन्यांपूर्वीची सकाळ आठवली. दूध सपक लागतंय, असं ती म्हणाली होती आणि चेअरमन म्हणाले होते, "चारा बदललाय, मावशी. होईल सवय." मागच्या गोदामात ताडपत्रीखाली झाकलेली पोती तेव्हापासूनचीच.

तिनं तोंड उघडलं. शेजारी जाऊ उभी होती, डोक्यावर डेअरीची निळी टोपी. मावशीनं तोंड मिटलं.

"वय झालं बिचारीचं, जीभ गेली," चेअरमन माईकवर म्हणाले. "मावशी, उद्यापासून घरी आराम करा. पण बंधूंनो, हा करार आम्ही होऊ देणार नाही!"

टाळ्या पडल्या. मावशीला ना राग आला ना रडू. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तशी ती चालत घरी गेली.

दिवेलागणीला जावेनं घरच्या शेळीचं दूध तिच्यापुढे ठेवलं. "खरंच कळत नाही का हो काही?"

मावशीनं घोट घेतला. शेळीनं आज बांधावरचा कडुनिंब खाल्ला होता.

"नाही गं," ती म्हणाली. "तू उद्या वेळेवर जा कामाला."