सातव्या दिवसाचा तिसरा फेरा

आमची ख्रिस्ती मंडळी नेऱ्यात, कुशाबाच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायची. बत्तीस कुटुंबं, चार पंखे, एक पेटी आणि पाळक म्हणून माझे यजमान, शरदचंद्र उजागरे. कुशाबा त्यांना ‘फादर’ म्हणायचा. फादरना बायको नसते, यांना आहे आणि ती मीच, हे मी त्याला दोनदा समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, “बरं, फादर हायेत का घरी?”

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्यात मोठे मतभेद नव्हते. चहा उपासनेआधी द्यायचा की नंतर, एवढ्यावरून काय ती मंडळी फुटता फुटता राहिली होती. मग प्रत्येकाला आपापल्या फोनमध्ये आपापला उपदेशक सापडला.

विठ्ठलराव आढावांना सापडले प्रेषित हनोख. विठ्ठलराव मंडळीतले वडीलधारे. पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले, सहीशिवाय एक नटसुद्धा बाहेर न सोडलेले. असा माणूस रोज सकाळी पांढऱ्या सुटातल्या एका गृहस्थाला धुराच्या मशीनमधून प्रकट होताना बघायचा आणि डोळे पुसायचा. देवाच्या लेकरांनी भाड्याच्या जागेत राहणं हा देवाचाच अपमान आहे, अशी प्रेषितांची शिकवण होती. ते स्वतः देवाचा अपमान होऊ देत नव्हते, हे व्हिडिओत त्यांच्या मागे दिसणाऱ्या बंगल्यावरून कळायचं.

अपूर्वा कसोटेला सापडले ब्रदर तीमथ्य. अपूर्वा हिंजवडीत नोकरी करणारी, तिशीची, तल्लख मुलगी. ब्रदर तीमथ्य पुस्तकांच्या कपाटासमोर बसून, चेहऱ्यावर अपार दुःख आणून, या आठवड्यात कोणकोणते उपदेशक खोटे ठरले ते सांगायचे. आठवड्याला सरासरी तीन. या वेगाने खरे किती उरतील, असं मी तिला एकदा विचारलं. ती खरोखर विचारात पडली. मग म्हणाली, “ब्रदर आहेत ना काकू.”

आमच्या यांच्याकडे ना धूर, ना कपाट. अर्धी शिवण सुटलेला झगा आणि वीस मिनिटांचा संदेश.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी घोषणांच्या वेळी विठ्ठलराव उठले. मंडळीला स्वतःची जागा हवी, हे सगळ्यांनाच पटत होतं. कशी मिळवायची, ते प्रेषितांनी त्या आठवड्यात उघड केलं होतं. हवी असलेली जमीन निवडायची. इस्राएल लोकांनी यरीहोच्या तटाभोवती घातल्या तशा तिच्याभोवती फेऱ्या घालायच्या. सहा दिवस रोज एक, सातव्या दिवशी सात. तट पडतो, जमीन आपली होते.

“आणि जमीन कुणाची आहे?” यांनी विचारलं.

“परमेश्वराची,” विठ्ठलराव म्हणाले. “सध्या कुशाबाच्या नावावर आहे.”

रस्त्यालगतचा अकरा गुंठ्यांचा तुकडा, पत्र्याचं कंपाउंड घातलेला. विठ्ठलरावांनी निवड चांगली केली होती, हे मान्य करायला हवं.

अपूर्वा ताडकन उभी राहिली. “हे शास्त्राला धरून नाही! हनोखच्या चौदा चुका माझ्याकडे आहेत.” आणि तिने फोनवरून त्या वाचायला सुरुवात केली. सातव्या चुकीला विठ्ठलरावांच्या बाजूच्या बायकांनी मोठ्याने ‘हालेलुया’ सुरू केलं. नवव्या चुकीला पेटी वाजायला लागली.

हे म्हणाले, “आपण प्रार्थना करू या.”

त्या एका वाक्यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं: पाळक कुचकामी आहेत. विठ्ठलरावांच्या मते यांच्यात विश्वास नव्हता. अपूर्वाच्या मते यांच्यात सत्याचा कणा नव्हता. घरी येऊन हे जेवायला बसले. ताटातली भाजी नुसती इकडून तिकडे सारत होते.

“तुम्ही स्पष्ट का नाही बोलत?” मी विचारलं.

“विठ्ठलरावांची बायको गेली, त्या आठवड्यात त्यांनी तो माणूस ऐकायला सुरुवात केली,” हे म्हणाले. “मी पाच वेळा घरी गेलो होतो. तो रोज जातो.”

 मग मी भाजीत मीठ कमी पडलंय का ते विचारलं.

सोमवारी सकाळी सहा वाजता विठ्ठलराव आणि आणखी आठ जण कुशाबाच्या तुकड्याभोवती एक फेरा घालून आले. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी अपूर्वा आणि तिचे पाच जण उभे होते. ते शूटिंग करत होते. खोटी शिकवण पुराव्यासकट पकडायची, तर लवकर उठावं लागतं. सहा दिवस हे असं चाललं. रविवारच्या उपासनेला उशिरा येणारी माणसं सहा दिवस पहाटे पाचला उठली. पाळक म्हणून यांना ते कधी जमलं नव्हतं.

आता मुळशीत कुणाच्या जमिनीभोवती नुसतं चालणं ही भक्ती समजली जात नाही. इथे जमिनीभोवती चालतो तो मोजणीवाला, एजंट, नाहीतर भाऊबंद. बुधवारी कुशाबाची बायको चंद्राबाई आमच्या दारात आली.

“बाई, तुमची मान्सं आमच्या रानाला फेऱ्या का मारत्यात? करणी-बिरणी हाय का?”

“नाही हो. प्रार्थना आहे.”

“मंग आपल्या घराभवती करा की.”

धर्मशास्त्राचा एवढा नेमका मुद्दा त्या आठवड्यात दुसऱ्या कुणीच मांडला नव्हता.

आम्हाला माहीत नसलेली गोष्ट अशी, की त्या तुकड्यावर कुशाबाचा चुलतभाऊ नथू हक्क सांगत होता आणि अकरा वर्षं कोर्टात तारखा चालू होत्या. नथूच्या कानावर गेलं, की कुशाबाने जमीन परस्पर चर्चला विकली आणि ती माणसं रोज पाहणी करून जातात.

रविवारी सातवा दिवस. विठ्ठलरावांनी रणशिंगाची सोय म्हणून लग्नाच्या बँडमधला एक तुतारीवाला आणला होता. पहिल्या फेऱ्याला त्याने तुतारी फुंकली आणि हल्लीच्या निवडणुकीच्या दिवसांत जे व्हायचं तेच झालं. प्रचार आला समजून लोक गॅलऱ्यांत आले. एकाने खाली ओरडून विचारलं, “उमेदवार कोन हाय?”

“प्रभू येशू!” विठ्ठलराव गरजले.

हे आणि मी कोपऱ्यावर उभे होतो. उपासना नऊला होती आणि मंडळी सगळी इथेच होती, म्हणून आम्हीही आलो.

दुसरा फेरा झाला. तिसरा संपत आला असताना मारुंजीच्या बाजूने एक जेसीबी आला. वळला. थांबला नाही. त्याने रस्त्याकडचं पत्र्याचं कंपाउंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवं केलं.

 तुतारीवाल्याच्या तोंडातून तुतारी खाली आली. मग विठ्ठलराव गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. “पडला! तट पडला!”

मला आयुष्यभर देवाची कृत्यं शिकवण्यात आली आहेत. जेसीबीच्या काचेवर ‘नथूशेठ’ असं लिहिलेलं असताना काय म्हणावं, ते मात्र कुणी शिकवलेलं नाही.

“चार फेरे बाकी आहेत!” रस्त्यापलीकडून अपूर्वा ओरडली. “शास्त्राप्रमाणे सात झाल्याशिवाय पडत नाही! हा चमत्कार नाहीच!”

विठ्ठलरावांना मुद्दा पटला. ते उठले आणि आडव्या पत्र्यांवरून चौथ्या फेऱ्याला निघाले. तोवर जेसीबीमागून आलेल्या जीपमधून नथू उतरला होता.

“ए म्हाताऱ्या! किती दिलं तुला कुशाबानं?”

“ही जमीन आम्हाला परमेश्वराने दिली आहे.”

“त्याची सही कुटं हाय?” म्हणत नथूने त्यांना ढकललं.

विठ्ठलराव पत्र्यांच्या ढिगात पडले. पाय घोट्यातून वळलेला मला कोपऱ्यावरून दिसला. सगळ्यात आधी आमचे हे धावले, आणि यांच्या आधी अपूर्वा. तिने फोन टपरीवरच्या बरणीशेजारी तसाच टाकला होता. ती नथूसमोर उभी राहिली, त्याच्या छातीएवढी उंची तिची, आणि तिने त्याला जे सुनावलं त्यातलं काहीही चौदा चुकांच्या यादीत बसणारं नव्हतं. नथू मागे सरकला. कुशाबाची माणसं आली, मग पोलीस आले. विठ्ठलरावांना तिच्याच गाडीत घालून आम्ही दवाखान्यात नेलं. वाटेत ते कण्हत म्हणाले, “तुझ्या अविश्वासामुळे झालं हे.” ती म्हणाली, “पाय हलवू नका काका.”

टाकून दिलेल्या फोनवर शूटिंग चालूच होतं. ती क्लिप तिच्या गटातल्या कुणीतरी पुढे पाठवली. मंगळवारी प्रेषित हनोखांनी ती तुतारीपासून पडलेल्या पत्र्यांपर्यंत दाखवली: पुण्याजवळ तट कोसळला! बुधवारी ब्रदर तीमथ्यांनी ती पडलेल्या पत्र्यांपासून पडलेल्या विठ्ठलरावांपर्यंत दाखवली: पाहा फसवणुकीचं फळ! दोघांनाही लाखालाखांनी लोक मिळाले. विठ्ठलरावांच्या पायाला दोन स्क्रू मिळाले.

त्यांनी प्रेषितांच्या प्रार्थनेच्या नंबरवर फोन केला. साक्ष द्यायची असेल तर एक दाबा, बियाणं पेरायचं, म्हणजे देणगी द्यायची असेल तर दोन दाबा. पाय मोडल्याचं बटण नव्हतं. तिकडे अपूर्वाने ब्रदरांच्या व्हिडिओखाली लिहिलं, की हे काका चांगले आहेत, त्यांची अशी चेष्टा नको. एका तासात ब्रदरांनी तिला ब्लॉक केलं. त्या आठवड्यातला खोटा क्रमांक चार.

कुशाबाने हॉल महिनाअखेरीस रिकामा करायला सांगितला. हे विनंती करायला गेले.

“फादर, तुमी मानूस ग्वाड हाय,” तो म्हणाला. “पन तुमच्या मान्सांनी हात न लावता कंपाउंड पाडलं. भाडेकरू असले लई जड जात्यात.”

तेरा कुटुंबं शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये गेली. तिथे धूर आणि कपाट दोन्ही आहेत म्हणे. उरलेली एकोणीस आता शेजारच्या जांबे गावात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जमतात, निम्मी दिवाणखान्यात, निम्मी स्वयंपाकघरात. मागच्या रविवारी लिफ्ट बंद होती. खालून भांडणाचा आवाज यायला लागला, म्हणून मी जिन्यात डोकावले. विठ्ठलराव कुबडीवर एकेक पायरी चढत होते. अपूर्वाने एका हाताने त्यांची काख धरली होती आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची खुर्ची घेतली होती, प्रत्येक मजल्यावर त्यांना बसवायला.

“कुबडी वापरणं म्हणजे अविश्वास, असं तुमचेच प्रेषित म्हणतात,” ती म्हणत होती.

“सध्यापुरती आहे.”

“म्हणजे सध्यापुरता अविश्वास?”

“तू खुर्ची ठेव,” विठ्ठलराव धापा टाकत म्हणाले, “बसून सांगतो.”