‘ने’ म्हणजे काय

डॉ. चंद्रशेखर साबड्यांना लोक टरकून असत आणि ते त्यांना आवडायचं. साउथहॅम्प्टनपासून बसने अर्ध्या तासावरच्या त्या लहानशा हॉस्पिटलात ते हाडांचे कन्सल्टंट होते. मूळचे नागपूरचे, बावीस वर्षं इंग्लंडात, शिवाय तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. पुण्याहून आलेली ऋजुता त्यांच्या हाताखाली ज्युनिअर डॉक्टर म्हणून रुजू झाली तेव्हा तिला वाटलं होतं, चला, आपलं माणूस भेटलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भर राउंडमध्ये तिला मराठीत विचारलं, "पुण्यात एक्स-रे उलटा धरायला शिकवतात का?" आणि मग त्याचं इंग्रजी करून सगळ्या टीमला हसवलं. तेव्हापासून ती त्यांच्यासमोर मोजकंच बोलायची.

त्या मंगळवारी राउंड स्टेलिओस नावाच्या म्हाताऱ्यापाशी आला. वय चौऱ्याहत्तर. कधीकाळी बोटीवर खलाशी, मग साउथहॅम्प्टनमध्येच उतरून राहिलेला, एकटा. वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच्या तोंडचं इंग्रजी पुसून गेलं. दुसऱ्याचं थोडंफार समजायचं, पण बोलायला जावं तर लहानपणीची भाषाच बाहेर यायची. आदल्या दिवशी तो बाथरूममध्ये पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली शेजारच्या राद्काने. राद्का बल्गेरियाची. कुणीतरी घाईघाईत पेशंटच्या भाषेच्या रकान्यातही ‘बल्गेरियन’ लिहून टाकलं होतं.

"ऑपरेशन हवंय का तुम्हाला?" साबड्यांनी उभ्या उभ्या इंग्रजीत विचारलं.

"ने, ने," म्हातारा म्हणाला आणि त्याने त्यांची बाही धरली.

साबड्यांनी बाही सोडवून घेतली. "नको म्हणतोय. बल्गेरियनमध्ये ने म्हणजे नाही. माझ्या थिएटरमध्ये दोन नर्स तिकडच्याच आहेत. पेनकिलर चालू ठेवा. नेक्स्ट."

थिएटरची यादी त्या आठवड्यात तुडुंब होती. एक नाव कमी झालं तर कुणाला नको होतं?

ऋजुताच्या कानाने मात्र तो शब्द मराठीत ऐकला होता. ने. मला ने. नको म्हणणारा माणूस बाही कशाला धरेल?

"सर, दुभाष्याला फोन लावू का? पाच मिनिटं लागतील."

"तुला ऐकू कमी येतं का?" हे मराठीत. "तो काय म्हणाला ते मी सांगितलं ना? लिही आणि चल."

तिने लिहिलं. साबड्यांचा प्रश्न जसाच्या तसा, म्हाताऱ्याचा शब्द जसाच्या तसा, आणि खाली, ‘कन्सल्टंटच्या मते नकार.’ मग ती चालू लागली. नंतर क्लिनिक, मग इमर्जन्सीची ड्यूटी, आणि फोन राहिला. राहिला म्हणजे तिने राहू दिला. धाडस झालं नाही.

बुधवारी दुपारी राद्का सूपचा डबा घेऊन आली. ऋजुताने तिला गाठलं.

"हे ऑपरेशनला नको का म्हणतात, तुम्हाला काही बोलले?"

"नको? आणि मला कसं बोलणार? मला त्याचं एक अक्षर कळत नाही. तो ग्रीक आहे."

"फॉर्मवर बल्गेरियन लिहिलंय."

"मी बल्गेरियन आहे," राद्का थंडपणे म्हणाली. "तुम्हाला सगळे सारखेच दिसतात का?"

ऋजुताने तिथल्या तिथे दुभाष्याची लाइन लावली, फोन स्पीकरवर टाकून म्हाताऱ्याच्या उशीजवळ धरला. फोनवरच्या बाईने ग्रीकमध्ये प्रश्न विचारला. म्हातारा रडायलाच लागला. ने, ने, आणि पुढे बरंच काही.

"ते हो म्हणतायत," बाई म्हणाली. "ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. म्हणतात, मी काल पण हो म्हणालो, मग मला नेत का नाहीत?"

गुरुवारी सकाळी दुसऱ्या कन्सल्टंटने ऑपरेशन केलं. पण तोवर छातीत कफ साचून न्यूमोनिया सुरू झाला होता. म्हातारा जगला, पण उभा राहू शकला नाही. त्याचा फ्लॅट गेला आणि त्याला केअर होममध्ये हलवायचं ठरलं.

चौकशी लागली तशी साबड्यांनी ऋजुताला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"तुझ्या नोटमध्ये चूक आहे," ते म्हणाले. "मी विचारलं होतं, ‘ऑपरेशन नकोय ना?’ तो हो म्हणाला. म्हणजे ग्रीक असो की बल्गेरियन, उत्तर नकारच. खाली दुरुस्ती जोडून टाक."

"तुम्ही तसं विचारलं नव्हतं, सर."

"मी काय विचारलं ते तू मला सांगणार?"

"मी शेजारीच उभी होते."

"तुझं ट्रेनिंग पास झाल्याची सही कोण करतं, माहीत आहे ना? आणि तुझा व्हिसा कशावर टिकून आहे?" त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. "इथे आपण मूठभर आहोत. आपल्याच माणसाच्या पायात पाय घालणारे मी बरेच पाहिलेत. ते टिकत नाहीत."

ऋजुता बाहेर आली ती थेट कँटीनमध्ये. चहा निवत होता आणि ती फोनवर तो एकच शब्द शोधत बसली. बल्गेरियन, झेक, सर्बियन, सगळीकडे ने म्हणजे नाही, आणि तो आपल्या संस्कृतातल्या ‘न’चा सख्खा भाऊ. हंगेरियनमध्ये ने म्हणजे करू नकोस. कोरियनमध्ये हो. जपानीत वाक्याच्या शेवटी लावतात, आपल्या ‘हो ना’तल्या ‘ना’सारखा. ग्रीकांचा ‘ने’ त्यांच्या फार जुन्या होकारातून आलेला. आणि मराठीतला ‘ने’ संस्कृतातल्या ‘नी’ धातूतून, ज्यातून नेता आला, नेणारा. एवढासा शब्द, आणि त्याचे इतके अर्थ. पाच मिनिटांचा फोन केला असता तर यातलं काहीच माहीत असायची गरज नव्हती. हे साबड्यांना जितकं लागू होतं तितकंच तिलाही.

तिने जबाब लिहिला. साबड्यांनी काय विचारलं ते लिहिलं आणि स्वतः एक दिवस फोन केला नाही हेही लिहिलं. दुरुस्ती जोडली नाही.

त्यानंतर वॉर्डात साबडे तिच्याशी फक्त इंग्रजीत बोलू लागले, तेही तिच्याकडे न बघता. मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात तिचं गाणं होतं. सुमेधाताईंचा, म्हणजे साबड्यांच्या बायकोचा मेसेज आला, ‘वेळेअभावी तुझं गाणं कॅन्सल केलंय. रिहर्सललाही येऊ नकोस.’ ट्रेनिंगच्या रिपोर्टमध्ये शेरा पडला, ‘संवादकौशल्य कमकुवत.’ तो वाचून ती टॉयलेटमध्ये जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत कामाला लागली.

चौकशीचा निकाल चार ओळींचा आला. ‘भाषेविषयी गैरसमज, सर्वांनी ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करावं.’ साबडे जागच्या जागी राहिले. ऋजुताने शेऱ्याविरुद्ध अपील केलं, शेऱ्यामागचं खरं कारण काय याचा पुरावा म्हणून तिचा जबाब धरला गेला आणि शेरा काढून टाकण्यात आला. तिने मिल्टन कीन्सला बदली मागितली, ती मिळाली.

शेवटच्या दिवशी साबडे कॉरिडॉरमध्ये भेटले. "तिकडेही माझे मित्र आहेत," ते म्हणाले.

"त्यांनाही मी जबाबात लिहिलं तेच सांगेन, सर," ती म्हणाली.

निघण्याआधीच्या रविवारी ती केअर होमला गेली. स्टेलिओस खिडकीपाशी व्हीलचेअरवर होता, राद्का त्याची नखं कापत होती. ऋजुताने वाक्य पाठ करून आणलं होतं, फोनवरच्या त्या बाईकडूनच शिकून घेतलेलं. ग्रीकमध्ये, अडखळत, ती म्हणाली की माझी चूक झाली, मी तेव्हाच फोन करायला हवा होता, मी इथे बसू का?

म्हाताऱ्याने तिला बराच वेळ न्याहाळलं. ओळखलं.

"ओही," तो म्हणाला आणि खुर्चीचं चाक ढकलून त्याने तिच्याकडे पाठ केली.

"ओही म्हणजे नाही," राद्का म्हणाली. "एवढं आता मलाही येतं."

ऋजुताने मान डोलावली. आणलेली संत्री टेबलावर ठेवावीत की परत न्यावीत हे तिला कळेना. शेवटी तिने ती राद्काच्या हातात दिली आणि ती बस स्टॉपकडे निघाली.