घराण्यातलं चौथं पोट

मिझोराममधल्या चंफाईच्या बाजारात दार्थांगी वीस वर्षं तुइबूर बनवून विकत होती. तंबाखूचा धूर मुरवलेलं ते पाणी लोक तोंडात धरून थुंकतात, काही जण गिळतातही. ती स्वतःही दिवसभर घोट धरून बसायची. पोटात जळजळ सुरू झाली, चार घासांतच पोट भरू लागलं, तेव्हा कोणालाही न सांगता ती सुमोत बसून ऐजॉलला गेली. डॉक्टरीणबाईंनी घशातून दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, पण फार पसरलेला नव्हता.

थोरला भाऊ थांगकीमा ऑपरेशनला आडवा आला. आई, काका, मधला भाऊ, तिघंही पोटाच्या दुखण्यानेच गेली. आपल्या घराण्याचं नशीबच ते, उगाच हाल कशाला करून घेतेस, असं त्याचं म्हणणं.

"दादा, त्या तिघांपैकी एकाने तरी वेळेवर पोट दाखवलं होतं का?"

तो चुलीतली लाकडं पुढे सारू लागला.

"मग नशिबाला कशाला बोल लावतोस?"

केमो झाली, ऑपरेशन झालं, पुन्हा केमो. जठराचा मोठा भाग काढला. केस गेले, अंगावरचे कपडे लोंबू लागले. घरी परतल्यावर तिने तुइबूरची भट्टी स्वतःच्या हाताने फोडली. दिवसातून सहा वेळा वाटीवाटीने जेवायला शिकली.

वर्षभराने नाताळच्या पंगतीत बायकांनी कीव करून तिच्यापुढे नुसतं पातळ सूप ठेवलं. तिने वाटी बाजूला सारली, भात आणि उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा मागून घेतला आणि सगळ्यांदेखत सावकाश चावून खाल्ला. मग भावाला म्हणाली, "सोमवारच्या सुमोत तुझी जागा धरलीय."

"मला काही झालेलं नाही."

"तेच डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकायचंय मला."

तो नाहीच म्हणत राहिला. तीही त्याच्या चुलीशी दोन दिवस ठाण मांडून बसली. शेवटी वैतागून तो गाडीत चढला. त्याच्या जठरात जखम निघाली आणि जंतूही, ज्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. कॅन्सर नव्हता. दोन आठवडे गोळ्या खाऊन जंतू गेला.

चुलीवर धुरावलेलं खारं मांस त्याने कमी केलंय. तुइबूर मात्र सुटलेलं नाही. बाटल्या तो लाकडांमागे लपवतो. दार्थांगी दर रविवारी चर्चहून थेट त्याच्याकडे जाते आणि सापडेल ती बाटली अंगणात ओतते.