पहिली सही कौशल्याबाईची

तीन दिवसांपासून गजेंद्र पुढच्या दाराने घरात येत नव्हता. न्हाणीच्या बाजूने यायचा, चुलीपाशी उभ्या-उभ्या भाकर गिळायचा आणि मागच्या मागे सटकायचा. पन्नाशीला टेकलेला बाप्या, जावई आलेला, आणि चाल मांजराची.

"काऊन रे, पुढच्या दारात साप बसला काय?" कौशल्याबाईने ओसरीवरून हाक टाकली.

"घाई हाये माय," आतून आवाज आला, आणि पाठोपाठ जीप सुरू झाल्याचा.

कौशल्याबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. ज्याला घाई असते तो जवळच्या दाराने जातो, वळसा घालून नाही, एवढं तिला या वयात कोणी शिकवायला नको होतं. पण पॅसेंजरची वेळ होत आली होती. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि स्टेशनची वाट धरली.

गावाचं नाव हिवरवाडी रोड. खरी हिवरवाडी तीन मैल आत, नदीकाठी. इंग्रजाने रूळ टाकले ते रानातून, आणि इंजिनाला पाणी लागतं म्हणून रुळांशेजारी विहीर खोदली. विहिरीपाशी पत्र्याची चौकी झाली, चौकीपाशी रेल्वेच्या गड्यांच्या झोपड्या. कौशल्याबाई नवरी होऊन इथल्या फलाटावर उतरली तेव्हा सगळी मिळून सात घरं होती, आणि त्यातलं एक शेषरावाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. मग गाडी थांबते म्हणून कापसाचा व्यापारी आला. त्याच्या मागे हमाल आले, हमालांसाठी चहाचं दुकान निघालं, पुढे चक्की, शिंपी, शाळा. लग्नाची तिथी भटजी काढायचे, पण वेळ पॅसेंजरची धरायचे; वऱ्हाडच उतरलं नाही तर अक्षता कोणाच्या डोक्यावर टाकणार? जुन्या गावची माणसं नाक मुरडायची, "रोडवरचे लोक, ना शीव ना मारुती." कौशल्याबाई तोंडावर सांगायची, "आमचा मारुती दिवसातून दोनदा येते, शिटी वाजवत. तुमचा हालते काय जागचा?"

आता विहीर बुजली. मोठ्या गाड्या धूळ उडवत निघून जातात. थांबायची ती एकच पॅसेंजर, सकाळी जाणारी, संध्याकाळी येणारी. वीस-बावीस बाया तिच्यातून वांगी, मेथी, कांद्याची पात घेऊन नांदुऱ्याच्या बाजाराला जायच्या. मागच्या वर्षी आवई उठली, तिकिटं खपत नाहीत, थांबा जाणार. तेव्हा कौशल्याबाईने बायांना पाळ्या लावून दिल्या. जिला जायचं नाही तिनेही आपल्या पाळीला तिकीट काढायचं आणि घरी परत यायचं. हातात तिकीट आणि पाय चुलीकडे, असं गाव दुसरं दाखवा. पण बायांनी केलं, कारण कौशल्याबाई म्हणाली.

म्हणून तर तीन महिन्यांपूर्वी गजेंद्रने फलाटावर सगळ्या बायांसमोर कागद आणला तेव्हा पहिली सही तिची झाली.

"थांब्याचा अर्ज हाये, माय. वाचून घे एकदा."

तिने चष्मा लावला, नजर वरून खाली फिरवली, "वाचलं" म्हणाली आणि सही ठोकली. मग मागे बायांची रांग लागली. कोणाची सही, कोणाचा अंगठा. मावशीनं वाचलं ना, मग झालं.

आज फलाटावर बाया तिकीट खिडकीपाशी गोळा झाल्या होत्या. खिडकी बंद, आणि वर एक नवा कागद डकवलेला.

"मावशी, पाहा बरं काय लिहिलं?" पुष्पाबाईने विचारलं.

कौशल्याबाईने चष्मा लावला. रोडवरचा प्रत्येक कागद आधी तिच्या डोळ्यांखालून जायचा, अशी तिची शान. आणि अख्ख्या रोडवर एका माणसाला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं की तिला नुसतं स्वतःचं नाव लिहिता येतं, बाकी अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तो एक माणूस गजेंद्र. पहिलीत असताना खडूचा तुकडा आणून त्यानेच याच फलाटाच्या फरशीवर तिचं नाव लिहून दाखवलं होतं. गाडीची वाट पाहता पाहता महिनाभर ती गिरवत बसली होती. कागदांचं ती घरी नेऊन त्याच्याकडून वाचून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बायांना सांगायची. थांब्याच्या अर्जाचं तेवढं विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? लेकानं आणला होता.

"उद्या सांगीन," ती म्हणणारच होती, तेवढ्यात शिटी वाजली. बायांनी टोपल्या उचलल्या. पॅसेंजर आली, डबे समोरून धडधडत गेले, आणि गेलेच. वाऱ्याने मेथीची पानं फलाटभर उडाली. रिकाम्या रुळांकडे पाहत बाया टोपल्या घेऊन तशाच उभ्या.

कौशल्याबाईने चष्मा काढला.

"आशा, तू वाच. मले वाचता येत नाही."

कोणाला आधी कळलंच नाही ती काय बोलली. चहाच्या दुकानाची आशाबाई सातवी शिकलेली. ती पुढे झाली आणि अडखळत वाचू लागली. गाडी थांबली की फाटक बंद राहते, दवाखान्यात जाणाऱ्यांची खोटी होते. गावाला जीपची सोय आहे. सबब थांबा बंद करावा, असा गावकऱ्यांनीच अर्ज केल्यावरून आजपासून थांबा बंद. सोबत अर्जाची नक्कल होती. खाली सह्या. आशाबाई थांबली.

"वाच नं. पहिली कोणाची?"

"तुमची, मावशी. कौशल्याबाई शेषराव सातव."

पुष्पाबाईने टोपली खाली आपटली. "म्हणूनच लेकानं दोन जीपा घेतल्या काय, मावशी? आन आम्ही तुमच्या तोंडाकडं पाहून अंगठे देल्ले!"

कौशल्याबाईला उभ्या जन्मात कोणी असं बोललं नव्हतं. तिने टोपली उचलली आणि स्टेशनबाहेर निघाली. बाया मागोमाग.

बाहेर दोन काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या. गजेंद्र दारात लटकून ओरडत होता, "नांदुरा, नांदुरा! टोपल्यायसकट बसा!" आईला पाहून त्याचा हात खाली आला. मग बायांकडे नजर गेली आणि तो जरा ताठ झाला.

"मी तुले वाचून घे म्हणलं होतं, माय. म्हणलं का नाही?"

"म्हणलं."

"मंग? तूच म्हणली, वाचलं."

"हाव, म्हणली." कौशल्याबाईने टोपली त्याच्या जीपच्या बॉनेटवर ठेवली. आवाज चढवला नाही, पण मागच्या बाईपर्यंत नीट पोचला. "तो माहा तोरा, तो मी भोगीन. इथून पुढं मी अंगठाच देईन. आज आशा दुसरा अर्ज लिहीन, समद्यायसमोर वाचीन, आन पहिला अंगठा माहा राहीन, कोणी मागं या का नका येऊ. पण तू आईक, गजेंद्र. मले वाचता येत नाही, हे एकट्या तुले माहीत होतं. ज्या हाताले तू नाव लिहाले शिकवलं, त्याच हातानं ह्या बायायचा गळा कापवला. इथं कोणीच मुळचं नाही रे. तुहा बाप नाही, मी नाही. गाडीनं उतरवलं म्हणून आम्ही रोडचे झालो. ज्यानं गाडी हाकलली तो रोडचा नाही. बस तुह्या जीपीत आन जाय. माह्या घरात आता पुढच्या दारानं येऊ नको, आन मागच्या दारानंबी येऊ नको."