दोन सिटांची गाडी

विश्वंभर खटावकरांनी लाल गाडीला नवं छप्पर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दोन इंचांनी वाढलेली होती. त्यांनी टेप लावून खात्री करून घेतली. लांबीला दोन, रुंदीला दोन. चूक त्यांचीच होती आणि ती कुठं झाली हेही त्यांना लगेच कळलं.

जयसिंगपुरात त्यांनी सदतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. वाढत्या अंगाच्या पोराचा शर्ट शिवायचा म्हणजे शिवणीत माया ठेवायची, दोन इंच कापड आत दुमडून घ्यायचं. पोर वाढलं की तेवढं उसवून मोकळं करता येतं. कॅनव्हासचं छप्पर शिवतानाही त्यांच्या हातानं सवयीनं चारी बाजूंना माया ठेवली. गाडीला वाढायला जागा मिळाली, गाडी वाढली. यात गाडीला बोल लावण्यासारखं काही नव्हतं.

गाडी मूळची एका डॉक्टरांची. ते पुण्याला मुलाकडं राहायला गेले आणि गाडी पंधरा वर्षं त्यांच्या बंगल्यामागं उभी राहिली, शेवटी ती खटावकरांनी विकत घेतली. इंजिन ठीक होतं, पण उघडझाप होणाऱ्या छपराच्या चिंध्या झाल्या होत्या. असलं छप्पर आता कुठं मिळत नाही, पत्र्याचं ठोकून देतो, असं मेकॅनिक म्हणाला. खटावकरांना ते लागलं. ज्याचं माप घेता येतं ते शिवता येतं, असं त्यांचं साधं मत होतं. त्यांनी जुनं छप्पर उसवून अंगणात अंथरलं, खडूनं त्याचा आकार काढला, दप्तरं शिवणाऱ्याकडून जाड सुईचं मशीन आणलं. नवं छप्पर तासभर उन्हात मऊ करून पाच लोखंडी कमानींवर ताणून बसवलं तेव्हा त्यावर एकही सुरकुती नव्हती. इतका आनंद त्यांना दुकानाच्या उद्घाटनालासुद्धा झाला नव्हता.

हा सगळा खटाटोप कुमुदसाठी होता. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली आणि या एकोणचाळीस वर्षांत ती दोघं दोघंच अशी कुठंही गेली नव्हती. लग्नानंतर जोतिबाला गेली तेव्हा बरोबर अकरा माणसं होती, आणि जीपमध्ये नवरीच्या मांडीवर कुणाचं तरी मूल होतं. कुमुदनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. आंबा घाटाच्या माथ्यावर जायचं, कठड्याला टेकून खालचं कोकण बघायचं, आणि तेव्हा शेजारी फक्त नवरा असायचा. गाडीला दोनच सिटं आहेत हे कळलं तेव्हा ती तीनदा बाहेर येऊन ती सिटं बघून गेली.

बुधवारी गाडीत तिसरं सीट आलं. ते खटावकरांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, सगळ्यांच्या आधी पाहिलं.

"विश्वा, ही मागची जागा कुणाची रं?"

"कुणाचीच न्हाई, आक्का."

"मग माझीच म्हण की."

आक्का वातींचा डबा घेऊन आत बसली ती बसलीच. तिचं जेवण तिथंच जाऊ लागलं. शुक्रवारी आणखी चार सिटं झाली. त्यांवर आक्काच्या भजनी मंडळातल्या चौघीजणी बसल्या. शनिवारी आणखी एक सीट झालं. शेजारचे नरदेकर मास्तर, शाळेतले निवृत्त पीटीचे सर, पेपर वाचायला म्हणून आले आणि पेपर संपला तरी उठले नाहीत. सगळ्यांना आंबा घाटात यायचं होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नव्हतं. खटावकरांच्या घरी ही पद्धतच होती.

खरं सांगायचं तर खटावकर मनातून खूश होते. सहा माणसं आणि रिकामी दोन सिटं यांच्यावरसुद्धा छप्पर कसं झकास बसलं होतं. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुमुद सिटं मोजत होती.

"उद्या त्यात न्हाणीघर निघंल," ती म्हणाली.

"माया कापून टाकतो."

खटावकर कात्री घेऊन छपराखाली शिरले. शिवण उसवली, दुमडलेलं कापड हातात धरलं. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा त्यांनी माया कापलेली नव्हती, उलट तिला आणखी दोन इंचांची जोड दिली होती. रविवारी सकाळी गाडीला मागच्या बाजूला खिडकी आणि एक छोटा कट्टा आला. मास्तरांनी कट्ट्यावर पाय पसरले.

"हात ऐकत न्हाई," खटावकर बायकोला म्हणाले. त्यांना मनापासून लाज वाटत होती.

कुमुदनं छपराचं कापड दोन बोटांत चोळून बघितलं. "कोरंच शिवलंय तुम्ही. भिजवलं न्हाईसा."

"गडबड होती."

"कापायला येत न्हाई तर भिजवा. सुकताना आपोआप आटंल."

तिनं नळाला पाइप लावला आणि आतल्या माणसांसकट छप्पर चिंब केलं.

"कुमुद, पाणी गळतंय गं," आतून आक्का म्हणाली.

"गळू दे आक्का. ऊन हाय." मग ती नवऱ्याकडं वळली. "चला. सुकायच्या आत निघू."

एप्रिलचं ऊन रणरणत होतं आणि रस्त्यावर वारं भरपूर होतं. हातकणंगले येईपर्यंत छपराच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या आणि मागचा कट्टा गेला. भजनातल्या चौघी एकीमागून एक उतरल्या. सीट बारीक झालं की बाई उभी राहायची, लुगडं सारखं करायची आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागायची. कुणाची तक्रार नव्हती. कोल्हापुरात कावळा नाक्यावर नरदेकर मास्तरांचे गुडघे हनुवटीला लागले.

"माझी हद्द इथंपर्यंतच," ते म्हणाले, आणि उतरून त्यांनी दोघांना कडक सलाम ठोकला.

आक्का मलकापूरपर्यंत टिकली. तिचं सीट आधी स्टुलाएवढं झालं, मग पाटाएवढं, मग ताटलीएवढं. मलकापुरात तिची भाची राहत होती. ती उतरली आणि खिडकीशी वाकली.

"मला सांगायचं हुतंस की, कुमुद. दोघांनाच जायाचंय म्हणून."

"आजवर कुणालाच सांगितलं न्हाई."

"बरं झालं, आता सांगितलंस." आक्कानं तिच्या गालावरून हात फिरवला. "दशम्या हायत पायाशी. खावा दोघं."

गाडी पुढं निघाली तेव्हा तिला दोनच सिटं होती. कुमुद मोठ्यानं हसली, आणि खटावकरांना तिचं हे हसू ओळखीचं वाटेना. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी तिला माणसांत हसताना बघितलं होतं, आणि माणसांत ती पदर तोंडाला लावून हसायची.

आंबा गावाच्या अलीकडं दोन सिटांमधला गिअरचा दांडा नाहीसा झाला. दोघांचे खांदे एकमेकांना टेकले. छप्पर केसांना लागू लागलं, दारं दंडांशी आली.

"अजून सुकतंय," खटावकर म्हणाले. "सावलीत थांबवू का?"

"नको. पुढं चला."

घाट लागला तेव्हा स्टिअरिंग बशीएवढं होतं आणि ते दोघांनी मिळून धरलं होतं. इंजिनचा आवाज शिलाई मशीनसारखा बारीक झाला आणि एका वळणावर थांबला. तोवर दोघांचे पाय रस्त्याला लागलेच होते. उरलेलं अंतर ती दोघं पावलं जुळवत चालत गेली. वाटेत एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं त्यांच्याकडं नीट बघितलं, जागा नाही असं त्याला दिसलं आणि तो निघून गेला.

माथ्यावर कुणी नव्हतं. ती दोघं कठड्याला टेकली. खाली धुरकट निळ्या उन्हात कोकण पसरलं होतं. लाल पत्रा दोघांच्या कमरेभोवती होता, कॅनव्हास दोघांच्या खांद्यांवरून गेला होता आणि वर दोन मानांना मिळून एकच कॉलर होती. दशम्यांचा डबा उघडायला कुमुदनं उजवा हात उचलला तेव्हा खटावकरांचा डावा हातही वर आला.

"कुठं काचतंय का?" खटावकरांनी विचारलं. शाळेच्या पोरांना ते असंच विचारत.

"न्हाई," कुमुद म्हणाली. "बरोबर बसलंय."

त्यांनी कॉलरमध्ये बोट घालून बघितलं. बोट जेमतेम शिरलं. आतल्या बाजूनं कापड अजून ओलं होतं.